आईचा जबडा, मुलाचं औषध: चेहऱ्याच्या दुखण्याचं एक जुनं चिनी प्रकरण

बाई सत्तरी ओलांडलेल्या. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यात, घास चावताना जिथे स्नायू टरारून वर येतो तिथे त्यांना कित्येक वर्षं दुखत होतं. दुखणं बारा महिने सारखं नव्हतं, ते उसळून यायचं. फार बोलणं झालं की यायचं, रात्री डोळ्याला डोळा लागला नाही की यायचं, आणि आलं की खाणंपिणं बंद. कळ उठली की वीज चमकावी तसा आगीचा लोळ त्यांना जाणवे. एरवीही लाळ घट्ट आणि चिकट, ओढली तर तार तुटू नये अशी. दमणूक झाली किंवा पोट रिकामं राहिलं की त्रास वाढे. आडवं पडल्यावर, दोन घास पोटात गेल्यावर जरा उतार पडे.

ही नोंद चारशे वर्षांहून जुनी, चीनमधल्या मिंग राजवटीच्या उत्तरार्धातली आहे. लिहिणारे वैद्य वांग केनतांग, आणि रुग्ण त्यांची स्वतःची आई. चेहऱ्याचं दुखणं चिनी वैद्यक कसं वाचतं हे समजून घ्यायचं तर आजच्या पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यांपेक्षा मला हे एक प्रकरण जास्त उपयोगी वाटतं. तक्त्यात वारा आणि थंडी, वारा आणि उष्णता, जठराचा अग्नी, यकृताचा अग्नी, साकळलेलं रक्त अशी प्रकारांची रांग असते आणि प्रत्येकासमोर एक औषध. खरा रुग्ण त्या रांगेत शहाण्यासारखा उभा राहत नाही. वांग यांच्या आईही राहिल्या नाहीत. आधीची चार औषधं वाया गेली, आणि वाया गेली हे मुलानं लिहून ठेवलं. जुन्या वैद्यकग्रंथांत, चिनी असोत की आपले, गुण आल्याच्या हकिकती पोत्यानं मिळतात; अपयशाची नावानिशी यादी क्वचितच.

घरातच राहणारा वैद्य

वांग यांचा जन्म १५४९ च्या सुमारास जिआंगसू प्रांतातल्या जिनतान इथे झाला. घराणं सरकारी अधिकाऱ्यांचं. १५६६ मध्ये आई मरणाच्या दारात पोचली तेव्हा आसपासच्या शहरांतले नावाजलेले वैद्य एकामागून एक बोलावले गेले. प्रत्येकाचं म्हणणं वेगळं, आणि नेमकं कुणालाच काही धरता येईना. ऐन विशीच्या आतल्या मुलाला त्याची चीड आली आणि त्यानं वैद्यक शिकायला घेतलं. वडिलांना ते पसंत नव्हतं. दरबारी परीक्षेचा अभ्यास मागे पडतो, ही त्यांची तक्रार. स्पर्धा परीक्षेला बसलेल्या मुलांच्या घरी हा संवाद आजही ऐकू येईल.

१५८९ मध्ये वांग ती सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाले आणि हानलिन अकादमीत, म्हणजे दरबारी विद्वानांच्या संस्थेत, लागले. तीनच वर्षांनी जपाननं कोरियावर स्वारी केली. त्या वेळी वांग यांनी जपान्यांना तोंड देण्याबद्दल दरबाराला निवेदन दिलं, ते वरिष्ठांना रुचलं नाही, आणि प्रकृतीचं कारण सांगून ते घरी परतले. पुढची चौदा वर्षं ते गावीच होते. ‘झंगझी झुनशंग’ हा त्यांचा मोठा ग्रंथ याच काळात उभा राहिला. त्याचा संकीर्ण रोगांवरचा भाग १६०२ मध्ये निघाला आणि आईच्या जबड्याची हकिकत त्यातच, चेहऱ्याच्या दुखण्याच्या प्रकरणात आहे. वयाचा हिशेब घातला तर आईचा उपचारही या गावी राहण्याच्या वर्षांतलाच असावा.

हे सांगायचं कारण असं की या नोंदीतली सगळ्यात मोलाची वाक्यं दवाखान्यात मिळणारी नाहीत. बोलणं जास्त झालं की दुखतं, जागरण झालं की दुखतं, भुकेनं वाढतं आणि आडवं पडल्यावर उतरतं, हे कळायला रुग्णाचा दिवस पाहावा लागतो. दहा मिनिटांच्या भेटीत आपण फार तर ‘कुठे दुखतं’ आणि ‘किती दिवस’ एवढ्यावर येतो.

दुखण्याची वाट

तरी चिनी वैद्यकही सुरुवात ‘कुठे’ पासूनच करतं. शरीरभर ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, आणि रक्त ठरलेल्या मार्गांनी वाहतं. वाहणं अडलं की दुखतं, हा त्यांच्या वेदनाविचाराचा पाया. हाताचे तीन आणि पायाचे तीन असे सहा यांग मार्ग डोक्याकडे येतात, त्यामुळे चेहरा दुखतोय म्हटल्यावर यांतला कुठला अडला ते आधी ठरवायचं. जबड्याच्या कोपऱ्यावर हक्क ‘पायाच्या यांगमिंग’चा, म्हणजे जठराच्या मार्गाचा. तो नाकाच्या बाजूनं निघतो, वरच्या हिरडीत शिरतो, ओठांना वळसा घालतो, जबड्याच्या कोपऱ्यातून वळून कानापुढून चढतो आणि कपाळावर केसांच्या रेषेपाशी पोचतो. त्या कोपऱ्यातल्या बिंदूचं नाव जियाछ. आईच्या दुखण्याची जागा वांग याच नावानं सांगतात.

आधुनिक शरीररचनेत चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारा पाचवा मज्जातंतू, ट्रायजेमिनल, तीन फांद्यांचा असतो: एक कपाळाकडे, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. यांगमिंगची वाट मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या फांदीच्या मुलखातून जाते, आणि ट्रायजेमिनल न्यूराल्जिया नावाची जी कुप्रसिद्ध कळ आहे तीही बहुतेकदा याच दोन फांद्यांत उठते. यावरून प्राचीन चिनी लोकांना मज्जातंतू ठाऊक होते असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचलेत आणि ते मला पटत नाहीत. सरळ अर्थ पुरेसा आहे: दुखणाऱ्या माणसांना ‘कळ कुठून कुठे जाते’ हे कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या नीट विचारलं, आणि मज्जातंतूची कळ मज्जातंतूच्याच वाटेनं धावते.

वांग यांच्याआधी साडेचारशे वर्षं, सोंग राजवटीतले वैद्य श्यू शूवेइ यांनी नेमकं हेच केलं होतं. त्यांच्या एका अधिकारी रुग्णाला नाक आणि कपाळाच्या मध्ये वर्षानुवर्षं दुखायचं, कधी बधिरपणा यायचा. एके दिवशी दुखणं ओठ, जबड्याचा कोपरा आणि केसांच्या रेषेपर्यंत पसरलं. तोंड उघडेना, बोलणं आणि जेवणं अवघड झालं, डावं कपाळ आणि गाल खळ लावून ताणल्यासारखा वाटू लागला, आणि हात लागला तरी कळ यायची. श्यू यांनी दुखण्याचे थांबे मार्गाच्या थांब्यांशी ताडून पाहिले, यांगमिंग ठरवला, आणि वारा व उष्णतेचं विष त्या मार्गात शिरून रक्त साकळलंय असं निदान केलं. त्यांनी दिलेल्या काढ्यात मुख्य द्रव्यं दोन: गेंड्याचं शिंग आणि शंगमा नावाचं मूळ. स्पर्श, बोलणं, जेवणं यांनी पेटणारी चेहऱ्याची कळ इतक्या स्पष्टपणे बाराव्या शतकात लिहिलेली पाहून आजच्या न्यूरॉलॉजिस्टच्याही भुवया उंचावतील.

चार काढे

वांग यांच्यापुढे हा वारसा होता. आईचं दुखणं यांगमिंगच्या वाटेवर, लाळ चिकट आणि दाट, कळ आगीसारखी. अशा चित्राचं शाळेत शिकवलेलं निदान म्हणजे जठरात आग, ती मार्गानं वर चढतेय. त्यांनी ती विझवायला घेतली.

पहिला काढा ‘छिंगवेइ सान’, जठर निववणारा. हुआंगल्यान हे कडूजहर मूळ (आपल्या ममिऱ्याच्या कुळातलं), दीहुआंग, दांगग्वे, पिओनीच्या मुळाची साल आणि शंगमा. दातदुखी डोक्यापर्यंत चढते, गार हवा घेतली की बरं वाटतं, हिरड्या सुजतात, अशा रुग्णाचं हे ठरलेलं औषध. उपयोग झाला नाही. मग श्यू यांचा गेंड्याच्या शिंगाचा काढा, त्यानंही नाही. (ते शिंग आता कुणी शोधू नये. १९९३ मध्ये चीननंच त्याचा औषधी वापर आणि व्यापार बंद केला. आता म्हशीचं शिंग वापरतात.) मग जिनसेंग घातलेला ‘पांढऱ्या वाघाचा’ काढा: जिप्सम, झिमू, ज्येष्ठमध, तांदूळ, भडकलेल्या तापाला आणि तहानेला लागू पडणारा. तोही फुकट. शेवटी मान-पाठीतला वारा आणि ओलावा काढणारा च्यांगह्वोचा काढा, त्यात हुआंगछिन, ज्येष्ठमध आणि जिएगंग वाढवून. तोही.

या यादीत एक गोष्ट लक्षात येते. चारही काढ्यांची दिशा एकच आहे: आत काहीतरी नको ते घुसलंय किंवा साठलंय, ते बाहेर काढा किंवा निववा. आग नसेल तर वारा, वारा नसेल तर ओलावा, पण शत्रू आहे हे गृहीत. औषध बदलत होतं, प्रश्न बदलत नव्हता.

भुकेनं वाढतं, जेवल्यावर उतरतं

चिनी वैद्यकात कुठल्याही दुखण्याला एक दुसरा, आडवा प्रश्न विचारला जातो: हे भरल्याचं दुखणं आहे की रितं झाल्याचं? भरल्याचं दुखणं नवं असतं, जोरदार असतं, दाबू देत नाही, खाल्ल्यावर वाढतं. रितं झाल्याचं जुनं असतं, येऊन-जाऊन असतं, श्रमानं आणि उपाशीपणानं वाढतं, विश्रांतीनं निवतं. आईच्या बाबतीत हे सगळं पहिल्यापासून समोर होतं. वर्षानुवर्षांचं दुखणं. बोलून दमल्यावर वाढणारं; बोलण्यानं ‘ची’ खर्च होते असं त्यांचं शास्त्र म्हणतं. जागरणानं वाढणारं. भुकेनं वाढणारं, आणि जेवल्या-झोपल्यानं शमणारं. आग जर खरोखर जठरात असती तर जेवल्यावर ती भडकायला हवी होती.

मग कळ आगीसारखी का? याचं उत्तर वांग यांच्याआधी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या ली दोंगयुआन या वैद्याकडे मिळतं. १२३२ मध्ये मंगोलांनी आजच्या काइफंग शहराला वेढा घातला. वेढा उठल्यावर शहरात लोक पटापट मरू लागले. वैद्य बाहेरून आलेला ज्वर समजून घाम आणणारी आणि रेच देणारी औषधं देत होते. ली यांचं म्हणणं वेगळं: हे लोक महिनोन्‌महिने उपाशी, थकलेले, भेदरलेले, यांची प्लीहा आणि जठर खचलंय, आणि जो ताप दिसतोय तो त्या खचण्यातून उठलेला आहे. असा ताप कडू-थंड औषधांनी विझवायला गेलात तर माणूसच विझेल. गोड-उष्ण औषधांनी मध्यभाग, म्हणजे हीच प्लीहा आणि जठर, उभा करा, ताप आपोआप खाली येईल. चिनी वैद्यकातला हा मोठा आणि आजही वादाचा विचार. आईच्या जबड्यापाशी वांग तोच लावतात: जठराच्या मार्गाची जी जाळी चेहऱ्यापर्यंत पोचते ती रिती पडली, त्या रितेपणात बाहेरचा उपद्रव शिरला, वाट तुंबली, म्हणून दुखतं. उपद्रव कितीही हाकला तरी दार उघडंच राहतं.

मला इथे गंमत वाटते ती पुढच्या औषधाची. आता दिलं काय? जिनसेंग, हुआंगची, बाइझू, छ्वानशिओंग, दांगग्वे, शंगमा, कुडझूचं मूळ (आपल्या विदारीकंदाचा भाऊबंद), ज्येष्ठमध, जिएगंग. त्यात किंचित हुआंगछिन, हुआंगल्यान, अनंताची फळं, फोर्सिथिया आणि बर्डॉकचं बी. घ्यायचं रिकाम्या पोटी आणि झोपताना. ही यादी मागच्या चार काढ्यांशेजारी ठेवून पाहा. शंगमा तिथेही होतं. दांगग्वे होतं. हुआंगल्यान होतं. जिनसेंगसुद्धा पांढऱ्या वाघाच्या जोडीला येऊन गेलं होतं. ज्येष्ठमध, हुआंगछिन आणि जिएगंग तर चौथ्या काढ्यात मुद्दाम घातले होते. मुख्य द्रव्यांत खरं नवं म्हणाल तर हुआंगची, बाइझू, कुडझू एवढंच. बदललं ते पारडं: जी कडू औषधं प्रमुख होती ती चिमूटभर झाली, आणि जे जिनसेंग जिप्समच्या ढिगात हरवलं होतं ते पुढे आलं. शंगमा पहिल्या काढ्यात कोंडलेली आग मोकळी करायला होतं. इथे ते मध्यभागाची शक्ती चेहऱ्याकडे उचलायला आलं. मूळ तेच, कामगिरी दुसरी. ‘चेहऱ्याच्या दुखण्यावर कुठलं चिनी औषध?’ हा प्रश्न वांग यांना अर्धवट वाटला असता, तो यामुळेच.

जोडीला अगरूच्या दंतमंजनात माजूफळासारखी तुरट फळं, फांगफंग, छ्वानशिओंग आणि पाणकणसाचे पराग वगैरे मिसळून ते दातांना लावायला दिलं. म्हणजे दात-हिरड्यांकडेही त्यांचं लक्ष होतंच. निकाल त्यांनी एका ओळीत लिहिलाय: पाच वर्षं झाली, दुखणं पुन्हा आलेलं नाही. द्रव्यांची प्रमाणं मात्र दिलेली नाहीत, त्यामुळे हा काढा जसाच्या तसा कुणाला बनवता यायचा नाही. तसा तो बनवू पाहणाऱ्यांनी वांग यांचं निम्मंच वाचलेलं असेल.

आजच्या नजरेतून

हे दुखणं नेमकं कुठलं? चारशे वर्षांनंतर निदान करणं धाडसाचं, पण लक्षणं इतकी नीट लिहिलीत की मोह आवरत नाही.

पहिला संशय ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा. पन्नाशीनंतर, बायकांत जास्त, बोलण्याखाण्यानं उठणारी, क्षणभरापासून दोन मिनिटांपर्यंत टिकणारी विजेसारखी कळ. मध्ये महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं शांतता. आगीच्या लोळाबद्दल तर एक चमत्कारिक जुळणी आहे. १६७७ च्या डिसेंबरात, पॅरिसमध्ये, तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्ध असलेले आणि पेशानं वैद्यही असलेले जॉन लॉक यांनी इंग्लंडच्या राजदूताच्या पत्नीला, काउंटेस ऑफ नॉर्थंबरलंड यांना तपासलं. त्यांच्या पत्रात बाईंचेच शब्द आहेत: चेहऱ्याच्या त्या बाजूत एकदम आगीची लपक घुसावी तसं होतं. बोलणं, खायला तोंड उघडणं, हिरडीला बोट लागणं, एवढ्यानंही झटके येत. युरोपातल्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियाच्या सुरुवातीच्या उत्तम वर्णनांत हे पत्र गणलं जातं. लॉक यांनी रेचक दिलं. वांग त्यांच्याआधी कितीतरी वर्षं ‘काढून टाकण्या’च्या वाटेवरून परत फिरले होते.

पण या निदानात एक खडा लागतो. ट्रायजेमिनलच्या रुग्णाला जेवण म्हणजे शिक्षा असते. चावलं की कळ. आणि या बाईंना पोटात काही गेल्यावर उतार पडतो. एक शक्यता अशी की झटक्यात खाणं बंदच असे, आणि उतार पडे तो झटके नसतानाच्या ठणक्याला. दुसरी शक्यता जबड्याच्या सांध्याच्या आणि स्नायूंच्या दुखण्याची: जागा अगदी तीच, जागरण आणि ताणानं वाढणारी, बोलून थकल्यावर वाढणारी. तिसरी, तोंडाच्या जळजळीचा विकार: उतारवयातल्या बायका, लाळेत बिघाड, दिवसभराच्या थकव्यानं वाढ, आणि खाताना चक्क आराम. त्यात जळजळ जिभेची असते, जबड्याच्या कोपऱ्याची नव्हे, हे मात्र आड येतं.

चौथी शक्यता धोक्याची. सत्तरीतला रुग्ण, बोलता-चावताना जबडा भरून येऊन दुखणं, आणि डोळ्यांपुढे काही चमकणं, असं आज कुणी सांगितलं तर कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीच्या दाहाचा, जायंट सेल आर्टेरायटिसचा विचार त्याच दिवशी व्हायला हवा. वेळेत स्टेरॉइड मिळालं नाही तर दृष्टी जाऊ शकते. वांग यांच्या आईला हा आजार नसावा. तो वर्षानुवर्षं असा येऊन-जाऊन राहत नाही, औषधाविना पाच वर्षं गप्पही बसत नाही, आणि पूर्व आशियात तो तसा विरळाच. माझं मत पहिल्या दोहोंच्या मिश्रणाकडे झुकतं.

आपल्याकडे सुश्रुतानं अनंतवात सांगितलाय: मानेत तीव्र वेदना, मग डोळे, भुवया, कानशील, गालाच्या बाजूला कंप, जबडा धरणं. वैद्यमंडळी तो ट्रायजेमिनलशी जोडतात. वांग यांच्या रुग्णाशी तो मोजकाच जुळतो, पण दोन्हीकडे वाऱ्याचं नाव येतं, हे मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल.

गुण कशानं आला?

पाच वर्षांची शांतता ऐकायला भारी वाटते. पण ट्रायजेमिनल न्यूराल्जिया स्वतःहूनही दीर्घकाळ गप्प बसतो, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत. पाचवं औषध यशस्वी ठरलं याचा एक अर्थ असा की पाचवं औषध चालू असताना दुखणं ओसरलं. जबड्याच्या स्नायूंचं दुखणं असेल तर झोप सुधारणं, वेळेवर खाणं, दातांची निगा यांनीही फरक पडतो. आणि भूक व जागरण हेच शत्रू आहेत हे एकदा मुलाला कळल्यावर त्या घरात काय बदललं असेल याचा अंदाज कुणीही बांधू शकेल. एका रुग्णावरून काढ्याचा गुण सिद्ध होत नाही. वांग यांच्या नोंदीचं वजन त्यांच्या विचारण्यात आहे, काढ्यात नाही, असं मी म्हणेन.

सुया कुठे आहेत, असं एव्हाना कुणाच्या तरी मनात आलं असेल. चिनी वैद्यक म्हटलं की आपल्याला अ‍ॅक्युपंक्चर आठवतं. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या पथकातले बंगाली सहकारी डॉ. बिजॉय कुमार बसू पन्नासच्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ती विद्या शिकून आले, आणि महाराष्ट्रात आज तिच्यासाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे. पण वांग यांच्यासारखे पंडित-वैद्य मुख्यतः काढे लिहिणारे. या प्रकरणात सुईचा मागमूस नाही. आजचा अ‍ॅक्युपंक्चरिस्ट अशा रुग्णाला कानापुढे शियाग्वान, जबड्याच्या कोपऱ्यात जियाछ, डोळ्याखाली सबाइ, आणि दूरचा म्हणून अंगठा व तर्जनीमधला हगू हे बिंदू निवडेल. खूप दुखत असेल तर दूरच्या बिंदूंपासून सुरुवात करेल. ट्रायजेमिनलवर अशा उपचारांच्या चाचण्या पुष्कळ झाल्यात, बहुतेक चीनमध्ये. कल अनुकूल दिसतो, पण चाचण्या लहान आहेत, आणि आपल्याला कुठला उपचार मिळतोय हे रुग्णांना ठाऊक असतं. म्हणून आढावे घेणारे त्या पुराव्याला कमी दर्जाचा म्हणतात आणि ते रास्तच आहे.

आज अशाच एक आजी पुण्या-नाशिकच्या दवाखान्यात आल्या तर क्रम वेगळा राहील. बहुतेकदा त्या आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आलेल्या असतात, आणि एखादी चांगली दाढ उगाच गेलेली असते. चेहऱ्यावर बधिरपणा आहे का, ऐकू कमी येतंय का, दोन्ही बाजूंना दुखतंय का हे पाहायचं. तसं असेल, किंवा रुग्ण चाळिशीच्या आतला असेल, तर गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जातंतूंचं आवरण झिजवणारा आजार) डोक्यात ठेवायचा. एमआरआय एरवीही करायचा, कारण पुष्कळांत मेंदूच्या बुडाशी एखादी धमनी ट्रायजेमिनलच्या मुळावर टेकून त्याला दाबत असते. औषधांनी भागलं नाही तर ती शस्त्रक्रियेनं बाजूला करता येते. पहिलं औषध कार्बामाझेपीन, १९६० च्या दशकापासून. ते बहुतेकांना चांगलं लागू पडतं, इतकं की त्यानं काहीच फरक पडला नाही तर निदानावर शंका घ्यावी. त्याचा एक गंभीर त्वचाविकार होण्याचा धोका एचएलए-बी १५:०२ या जनुकप्रकाराशी बांधलेला आहे, आणि तो प्रकार हान चिनी आणि आग्नेय आशियाई लोकांत जास्त. वांग यांच्या आईला हे औषध देण्याआधी रक्ततपासणी करावी लागली असती.

वांग यांचे प्रश्न मात्र तेव्हाही विचारता येतील: कशानं वाढतं, कशानं उतरतं, रात्र कशी जाते, जेवणाची वेळ चुकली तर काय होतं. जेवल्यावर बरं वाटतं म्हणणारा रुग्ण आणि चावलं की कळ येते म्हणणारा रुग्ण यांच्या निदानाच्या वाटा आजही तिथेच वेगळ्या होतात. आणि औषध सुरू असताना कुणी ऑनलाइन मागवलेला चिनी किंवा घरगुती काढा घेत असेल तर त्यातली द्रव्यं डॉक्टरांना दाखवावीत. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. कार्बामाझेपीननं म्हाताऱ्या माणसाचं सोडियम आधीच खाली जाऊ शकतं. दोन्ही एकत्र घेणाऱ्या आजींना गरगरलं तर दोष दुखण्याला दिला जातो.